मेलेल्यांची बोट

सुवा, ४ मार्च १९९४

ती. उनाइसी आत्यास, सेफनायाचा शि. सा. न. वि. वि.

सुक्या माशांची पिशवी कोरो बेटाच्या बोटीनं पोचली. शेजारी वासावरूनच हजर झाले, म्हणून माझ्या वाट्याला शेपट्या आल्या.

सोबत माझ्या चित्रकथेचा पहिला अंक पाठवतोय. शाळा सुटल्यावर बसून काढलाय. एका गावात बोटीतून मेलेली माणसं परत येतात. ती कोणाला चावत नाहीत, टेकायला चटईवर जागा मागतात, एवढंच. गाव मात्र त्यांच्यासाठी वेगळी वाट आखतं, वेगळा पेला ठेवतं, चर्चमध्ये वेगळा बाक. आमच्या गल्लीतल्या छोटूभाई शिंप्यानं वाचून विचारलं, की हे आम्हा हिंदुस्थानी लोकांवर काढलंयस का. मी म्हटलं, ज्याला टोचेल त्याच्यावर.

सहावं पान सावकाश बघ आणि काय वाटलं ते कळव. माया आहेच, तिला ओहोटी लागू देऊ नकोस.

तुझा, सेफनाया


कोरो, २१ मार्च १९९४

चि. सेफनाया यास अनेक आशीर्वाद.

मास्तरानं भुतं काढावीत म्हणून पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला. त्यांची बायको मात्र अंक मागून नेऊन वाचत बसली. मीही हसत होते, सहाव्या पानापर्यंत.

मेलेला मुलगा धक्क्यावर उभा आहे. एक लहान मुलगी दगडावर उकडलेला दालोचा कंद ठेवते आणि त्याच्याकडे न बघता पळते. हे तुला कोणी सांगितलं? तुझे वडील तेव्हा साखर कारखान्यात होते, त्यांना ठाऊक नव्हतं. तिथं आम्ही दोघंच होतो.

माझ्या कोलिनियोदादाला एकोणिसाव्या वर्षी महारोग्यांच्या बेटावर नेलं. मी चार वर्षांची. बोट दिसेनाशी झाली आणि बाबांनी पेटीत केळीचा बुंधा घालून त्याच्या नावानं पुरला. घरात महारोगी आहे म्हटल्यावर आमची लग्नं झाली नसती. सात वर्षांनी दादा बरा होऊन आला. बाबांनी माझ्या हाती दालो दिला आणि बजावलं, की त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, तो मेलाय. दादानं मला नावानं हाक मारली. मी वळले नाही. त्याच बोटीनं तो परत गेला.

तो आहे का? एवढंच लिही.

तुझी आत्या, उनाइसी


सुवा, २ एप्रिल १९९४

ती. आत्यास सा. न.

आहेत.

नाताळात शाळेची मुलं घेऊन वृद्धाश्रमात गाणी म्हणायला गेलो होतो. एका म्हाताऱ्यानं माझं गाव विचारलं, मग वडिलांचं नाव, आणि तोंड भिंतीकडे केलं. ज्यांच्या थडग्यावर लहानपणी मी फुलं ठेवली, ते कोलिनियोकाका हेच. मी दर शनिवारी जातो. त्यांची बोटं झडलीत, म्हणून ते सांगतात आणि मी काढतो. विनोदही त्यांचेच. वेगळा पेला दिल्यावर मेलेला म्हणतो ना, की बरं झालं, आता माझा कोणी पळवणार नाही, ते त्यांचंच. तुझं नाव मात्र घालू दिलं नाही. म्हणाले, पोर लहान होती, तिच्या हातात काय होतं.

तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, की उनाइसी अजून झोपेत बडबडते का.

आत्या, त्यांची छाती भरलीय. डॉक्टर फार दिवस सांगत नाहीत. मिळेल त्या बोटीनं ये.

सेफनाया


सुवा, ११ एप्रिल १९९४

ती. आत्यास सा. न.

काका काल सकाळी गेले. वादळामुळे तुझी बोट सुटली नाही हे मी रेडिओवर ऐकलं होतं, पण त्यांना सांगितलं नाही. तू वाटेत आहेस असंच म्हणत राहिलो. तू येणार म्हणून त्यांनी दाढी करून घेतली होती.

त्यांना गावी आणायचं म्हणतोय, तर मुखियांचा निरोप आलाय, की त्या नावाच्या माणसाला एकदा पुरून झालंय. मी काय करू?

सेफनाया


कोरो, १५ एप्रिल १९९४

चि. सेफनाया यास आशीर्वाद.

काल गावच्या बैठकीत मी उठून बोलले. बुंध्याची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आपलेच एक नातलग म्हणाले, की लोकांच्या मनात भीती आहे, समजून घे. मी म्हटलं, शेहेचाळीस वर्षं समजूनच घेतलं.

आज सकाळी फावडं घेऊन गेले. मला वाटलं एकटीच असेन, पण पाद्रीबाबांची बायको आली, तिच्या मागून पाद्रीबाबाही आले. आम्ही थडगं खणलं. पेटी कुजून गेली होती, आत नुसती माती. मुखिया येऊन खड्ड्यात बघून गेले. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तू घेऊन ये.

मेलेल्याच्या गालाला नाक टेकवून निरोप द्यायला आपल्याकडे रांग लागते. त्या दिवशी लागेल असं मला वाटत नाही. पहिली मी, मग तू. तेवढी पुरे.

बोटीत त्याच्याजवळ बस. एकटा ठेवू नकोस.

तुझी आत्या, उनाइसी