छान पातळ कागद

१० मार्च, सोमवार

शाळेतल्या पियानोच्या पोटातला सांगाडा ओढून टेबलावर घेतला. अठ्ठ्याऐंशी हातोड्या, आणि निम्म्या वाकड्या! आपल्या सुराच्या तिन्ही तारांवर पडायचं सोडून काही दोनच तारांवर पडतात, काही शेजारणीला घासून येतात. मधला ‘फा’ हा सूर तर मान मुरगळल्यासारखा. पट्टी जोरात हाणली तरच वाजतो.

मुख्याध्यापक सागिनबेक दारातूनच म्हणाले, “उस्ता, वीस तारखेला नोरूझच्या, नव्या वर्षाच्या कार्यक्रमात नीट वाजला तर ठीक. नाहीतर हा अडगळीत आणि विजेचा पियानो मंचावर.” संगीतशिक्षिका बुरुलाय इथे याच पियानोवर पस्तीस वर्षं शिकवतेय. तिने नुसता झाकणावर हात ठेवला. ते बघून मला फार वाईट वाटलं. वीस तारखेच्या आत हा सरळ करायचाच.

हे वहीला सांगतोय, कारण घरी ऐकायला कोणी नाही. लग्न का केलं नाहीस, असं आमच्या या सरोवराकाठच्या गावात, बालिकचीत, अजून विचारतात. मी म्हणतो, मला कुणी विचारलंच नाही. सगळे हसतात. बुरुलाय कधीच हसत नाही. विनोदबुद्धी कमी असावी.

११ मार्च

प्रत्येक हातोडीच्या बुडाशी लाकडाचा छोटा ठोकळा स्क्रूने बसवलेला असतो. हातोडी वर जाताना कलली, तर ठोकळ्याच्या एका कडेखाली कागदाचं चिटोरं सरकवायचं, स्क्रू आवळायचा. एवढंच काम. पण आधीच्या कुणा गाढवाने सात ठिकाणी चिटोरी उलट्या कडेला चिकटवलीत! तीही कणकेच्या खळीने.

बुरुलाय चहा घेऊन आली. तिला गाढवाचं काम दाखवलं.

“ओळखते मी त्याला,” म्हणाली.

“कोण?”

“चहा पी.”

पातळ कागद मागितला. “कागद? तुला? एकदा दिला होता, पुरे झालं.” किती कंजूष ही बाई! शेवटी चहाच्या पुड्याचा कागद कापला.

१३ मार्च

आमच्या धंद्यात काम संपलं की शेवटच्या पट्टीच्या बाजूवर पेन्सिलीने नाव घालतात. गाढवाचं नाव बघावं म्हणून पट्टी उपसली.

‘मेदेर, १९९१.’

मीच.

बुरुलायला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, “चौतीस वर्षं लागली.” वर्गातली मुलं खिदळली.

१४ मार्च

जुनी चिटोरी ओल्या फडक्याने सोडवली. खालच्या बाजूला निळी शाई. अक्षर ओळखीचं. बुरुलायच्या हजेरीपटावर रोज बघतो ते.

सातही टेबलावर लावली. मधले शब्द कात्रीत गेलेत, पण कळायचं ते कळतं. ‘शनिवारी चारला’... ‘धक्क्यावर थांबेन’... ‘आई काही म्हणो’... ‘विचारतेय, हसू नकोस.’

आठवलं. मी तेवीस वर्षांचा, पातळ कागद शोधत होतो. ती आली, घडी घातलेला कागद हातात दिला आणि तिथेच उभी राहिली. मी तिच्यादेखत कात्री चालवली. वर म्हणालो, “छान पातळ आहे. अजून आहे का?”



१७ मार्च

सांगितलं तिला. सांगताना चहा सांडला.

ती म्हणाली, “मला वाटलं, हेच उत्तर. माणूस नाही म्हणायचं तर नुसती मान हलवतो रे. तू तुकडे केलेस!”

“घडी उघडलीच नाही गं मी.”

“तरी मी धक्क्यावर गेले. दोन तास उभी होते. इथला वारा तुला माहीत आहे.” मग तिचं लग्न झालं. नवरा भला माणूस होता, त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

एक ‘फा’ तेवढा राहिला होता. मी म्हणालो, “एक चिटोरं कमी पडतंय.” तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढून दिला. मी कात्री लांब ठेवली. घडी उघडली. उलटसुलट करून पाहिलं.

कोरा.

“काप की,” ती म्हणाली. “तो कापायलाच आहे. तुला लिहून देण्यात अर्थ नाही, हे कळलंय मला.”

२० मार्च

हातोड्या सगळ्या सरळ. पण मुलांना ‘फा’ हाणायची सवय! पहिल्याच पोराने असा हाणला की सागिनबेक खुर्चीतून उडाले, हातातला तळलेला बोर्सोक पुढच्या बाईंच्या मांडीवर. शेवटी म्हणाले, “दम आहे म्हाताऱ्यात. राहू दे इथेच.” बुरुलाय विंगेत रडत होती. मीही.

आवराआवर करताना ती जवळ आली आणि शाळेतल्या बहिऱ्या शिपायालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “शनिवारी. चार वाजता. धक्क्यावर. समजलं का?”

२२ मार्च, शनिवार

साडेतीनलाच आलो. वाटलं, आज आपण थांबावं. ती आधीच येऊन उभी आहे.