पाठमोरी शिकवणी

बाई,

उद्या सकाळी आमच्या शेजारच्या मुलीची नववीची गणिताची फेरपरीक्षा आहे आणि मला तिच्यापेक्षा जास्त भीती वाटतेय. मागच्या वेळी ती उत्तरपत्रिकेवर फक्त स्वतःचं नाव लिहून बाहेर आली. येत नव्हतं असं नाही. देखरेखीच्या शिक्षिका बाजूने जाताना डोकावल्या आणि तिचा हात थांबला, तो थांबलाच. आता म्हणते, पुन्हा तसं झालं तर शाळाच नको. तिची आई माझ्या दारात येऊन म्हणाली, "तू इंजिनीअर ना गं? तूच बघ जरा. आमचं ती ऐकतच नाही."

मी बघत होते, आणि तिथेच चुकत होतं. मरोळला मी लिफ्टची कंट्रोल पॅनेल तपासते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तर दार उघडता कामा नये, हे बघणं माझं काम. त्यामुळे नजर हटवायची सवय नाही. तिच्यासमोर बसून मी तिचं पेन कुठे अडतं ते तसंच बघायचे. "कळलं ना?" "हो." "मग सांग." की गप्प. पॅनेलमधला बिघाड मीटर लावून शोधता येतो. ही मुलगी माझ्यासमोर रोज थोडी थोडी बंद होत होती आणि मला काही सापडत नव्हतं.

परवा तुमची पाठ आठवली. मी पुन्हा सातवीत आहे. वर्गात उभं केलं की माझा आवाज जातो, म्हणून आईने तुमच्याकडे शिकवणीला घातलंय. घाटकोपरच्या चाळीतलं तुमचं स्वयंपाकघर, चटईवर आम्ही चौघी, आणि तुम्ही ओट्याशी चपात्या लाटताय, आमच्याकडे पाठ करून. मी वही पुढे करून विचारते, "बाई, बरोबर आहे का?" तुम्ही वळत नाही. "हयसून माका काय दिसता? तू सांग." मग सांगावंच लागतं. कंसाबाहेर वजा आहे, म्हणून आतली चिन्हं बदलायची. का बदलायची? तेही सांगायचं. तुमचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे तुम्ही रागावलात का तेही कळत नाही, आणि आवाज हळूहळू येतो. पुढे वर्गात फळ्यासमोर गेले तेव्हा काळा फळा म्हणजे तुमची पाठ असं धरून मी अख्खं उदाहरण मोठ्याने सोडवलं. आजही मीटिंगमध्ये बोलायच्या आधी मी क्षणभर भिंतीकडे बघते.

एकच गोष्ट मला लागायची. मी अडखळले की तव्यावरची चपाती करपायची आणि तुम्ही म्हणायचात, "तुझ्या कंसापायी करपली बघ!" मग तीच चपाती तूप-साखर लावून माझ्या हातात. ती खाताना वाटायचं, मी किती मंद आहे.

आज संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि तिच्याकडे पाठ केली. हाताला काम हवं म्हणून कणीक घेतली, एक वेडीवाकडी चपाती लाटून तव्यावर टाकली. मागे काही आवाज नाही. दारही मागेच होतं. ती उठून गेली असती तरी मला कळलं नसतं. बाई, हे इतकं भयंकर असतं हे तुम्ही कधी बोलला नाहीत. वळून बघावं असं इतकं वाटलं की मी ओटा घट्ट धरला.

मग अगदी बारीक आवाज आला. "x ची किंमत आधी काढते... वरच्या समीकरणातून." मी हलले नाही. "मग ती खाली ठेवायची. म्हणजे वजा चार... नाही, थांब, कंस आहे." ती थांबली. "ताई, जळतंय!"

"जळू दे. पुढे?"

"पुढे अधिक चार. ताई, धूर येतोय! तुला चपाती येतच नाही ना?"

"नाही येत. शिकवशील?"

"आधी गॅस बारीक कर," ती हसत म्हणाली, आणि उदाहरण शेवटपर्यंत बोलून संपवलं. मग आणखी एक केलं. करपलेली चपाती आम्ही अर्धी अर्धी खाल्ली.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमची चाळ पाडली, तुम्ही तर त्याआधीच गेलात. पण एक सांगायचं होतं. ती चपाती माझ्या डोळ्यांसमोर करपत होती. मला दिसत होती. उलटायला हात उचलला तर मागचा आवाज थांबेल, या भीतीने मी ती तशीच राहू दिली. तुम्हालाही दिसत असणार. प्रत्येक वेळी.

उद्या तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला जाणार आहे. ती आत गेल्यावर कुणीकडे तोंड करून उभं राहायचं, ते मला माहीत नाही.