हिरव्या तारेत करंट नसतो

शिरगाव, रविवार

प्रिय मेहुल,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंच आहेस, म्हणून कागद घेऊन बसले. पाकिटावरचे माझे कोंबडीचे पाय बघून तू दोन ओळी तरी वाचशील, एवढी खात्री आहे. वापीला खोकी चिकटवायच्या कामाला लागलास म्हणे. गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग ज्याने केली, त्याने खोकी चिकटवावीत! आधी हसू आलं, मग रडूच आलं.

बाबांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. मेहुलला निरोप देऊ ना, असं आईला विचारलं. ती बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्या हातानं मारलं त्याच हातचं पानी? ह्यांना पोचायचं नाय ते." तुझ्याऐवजी चुलतभाऊ मनीषला बसवायचं ठरलं.

मी दर आठवड्याला वाणगावहून येते. सासूबाई कुरकुरतात, पण आईला एकटीला सोडवत नाही. घर तू गेलास तेव्हा होतं तसंच आहे, फक्त दुपार झाली की ते खायला उठतं. तुझी सोलर पॅनेलं अजून छतावर आहेत. खालची जोडणी सोडवली, बॅटरी काढून नेली, पण अपघातानंतर आलेले ते सरकारी निरीक्षक जाताना सांगून गेले ना, की ऊन आहे तोवर पॅनेलात वीज असतेच, खालच्या बटणाने ती मरत नाही. बाबांना तेवढंच ठाऊक नव्हतं. मेन स्विच पाडला म्हणजे झालं, असं समजून ते बादली घेऊन वर गेले, काचेवर बसलेला मिठाचा थर धुवायला. अनवाणी, ओल्या पायांनी. उंदराने कुरतडलेली तार पॅनेलाच्या धातूच्या फ्रेमला टेकली आहे, हे कुणाच्या स्वप्नात तरी होतं का?

निरीक्षकांचं ते वाक्य आईच्या डोक्यात रुतून बसलंय. उजाडायच्या आत ती पॅनेलांवर ताडपत्री घालते, वर दगड ठेवते. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, एखादा कोपरा उडतो, काच चमकते, आणि ती ओट्यावरून ओरडते, "जागी झाली गो, जागी झाली!" मग मी शिडी चढते. खरं सांगते, मलाही भीती वाटते. ताडपत्रीखाली कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं. परवा तर बाबा खाकरल्यासारखं स्पष्ट ऐकू आलं आणि मी अर्ध्या शिडीवरून खाली आले. माझ्यासारखी भांडखोर बाई, पण दिवस मावळल्यावरच पुन्हा चढले. आईने खालून नुसती शिडी धरली. तिला ते रोजच ऐकू येत असावं.

आणि तुझं ते उत्तरही त्या घरात आहेच. निरीक्षकांनी विचारलं होतं, फ्रेमपासून जमिनीत जाणारी अर्थिंगची तार कुठे आहे? ती असती तर वीज जमिनीत उतरली असती, इन्व्हर्टरने बोंब मारली असती, माणूस वाचला असता. तू सगळ्यांसमोर खाली बघत म्हणालास, "राहिली असेल माझ्याकडून." त्या हंगामात तू इतकी छतं केली होतीस की स्वतःच्या हातांवरचाच तुझा विश्वास उडाला. वर जाऊन बघायचंही तुला धाडस झालं नाही. आईने ते शब्द ऐकले आणि तुझं नाव टाकलं.

गेल्या खेपेला मी आले तेव्हा बोंबलांचा मांडव वाऱ्याने कलला होता. बांबूंचे जोड बघत होते. दोऱ्या सगळ्या कुजलेल्या, पण कोपऱ्यांचे जोड टणक. म्हटलं, आई, हे कसे गं टिकले? केवढी खूश झाली ती! कितीतरी महिन्यांनी हसली. म्हणाली, "ती दोरी नाय, तार हाय. खाऱ्या वाऱ्यात सडत नाय. ह्ये व्हते तवाच भिंतीवरून कापून घेतली. तुझा भाऊसच बोललेला, आये, हिरव्या तारेला भ्यायचं नाय, हिच्यात करंट नसतो."

हिरवी तार, तिच्यावर पिवळी रेघ, अर्थिंगची. आईच्या हातच्या पक्क्या गाठी.

मी छतावर गेले. फ्रेमच्या पायाशी, वाकल्याशिवाय दिसत नाही अशा जागी, तुझा बोल्ट अजून घट्ट आहे आणि त्यात वीतभर हिरवी तार, सुरीने कापलेली. खाली भिंतीजवळची वाळू उकरली तर दुसरं टोकही मिळालं. तू काम पुरं केलं होतंस, मेहुल. नीट केलं होतंस. बाबा तुझ्या चुकीने गेले नाहीत. आधी रडून घे, मग पुढचं वाच.

आईला काही कळलेलं नाही. निरीक्षकांनी कोणती तार विचारली होती, कशासाठी विचारली होती, ह्याचा आणि आपल्या मांडवाचा काही संबंध असेल हे तिच्या मनातही येत नाही. एकदा शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण ती बसली होती बोंबील उलटत, बाबांच्या जुन्या शर्टाने घाम पुसत, आणि माझी जीभच उचलेना. तुझ्यावरच्या रागावर ती जगते आहे रे. तो राग काढून घेऊन त्याच्या जागी हे ठेवलं तर ती उभी राहायची नाही. मी गाठी सोडवल्या, नायलॉनची दोरी बांधली, आणि चांगली तार फुकट घालवली म्हणून तिच्या शिव्या खाल्ल्या.

तुला मोकळं करायला मी हे लिहिलं, असं समजू नकोस. तेवढ्यासाठी लिहिलं असतं तर मला झोप तरी लागली असती. मला तुझ्याकडे मागायचंय. श्राद्धाला ये. ती दारातच अडवेल, बापाला खाल्लंस म्हणेल, सगळ्या आळीसमोर उन्हात उभं करेल. तेव्हा खरं तुझ्या जिभेवर येईल. ते गिळ. तिच्या पायाशी बस आणि म्हण, "आये, माझ्याकडूनच राहिली."

तुझीच,
जागृतीताई