लेडीज रन डबल

रवि. ८ फेब्रु.

चार धावा काढल्या. फळ्यावर आठ लागल्या.

सोसायटीच्या स्पर्धेचा नियम. टीममध्ये सहा गेंट्स, दोन लेडीज कंपल्सरी. लेडीजचा रन डबल. लेडीजना बॉल अंडरआर्म, हाताखालून, घरंगळत, लहान मुलांना टाकतात तसा. वर बॉलर म्हणतो, "आरामात वहिनी, काही घाई नाही." मला आहे रे घाई. वीस वर्षांनी बॅट हातात धरलेली.

टर्फच्या जाळीबाहेरून सी विंगचा एक जण ओरडला, "बघा, ह्यांचे डबल! आणि म्हणे बायकांवर अन्याय!" सगळे हसले. आमच्या ए विंगचेसुद्धा.

मंदार दुसऱ्या बॉलला आउट. शून्य. आमचाच कॅप्टन निखिल ओरडला, "अरे, ह्याला लेडीज बॉल टाका रे!" परत हशा. एका वाक्यात आम्हा नवरा-बायको दोघांचा अपमान केला आणि त्याला कळलंसुद्धा नाही. मंदारही हसला. ते हसणं मला बघवलं नाही.

सोम. ९ फेब्रु.

सकाळी डब्याच्या गडबडीत मं.ला म्हटलं, नाव काढून घे. तुला क्रिकेट आवडत नाही, कशाला जातोस? हा रविवारी दुर्बीण घेऊन खाडीवर पक्षी बघायला जाणारा माणूस.

म्हणाला, "कसं काढू? गेंट्स कमी पडतायत. गेल्या वर्षी नाही म्हटलं तर निखिलने लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, 'वहिनींनी परवानगी नाही दिली का?'"

मग जुंपली आमची. मी म्हटलं, तुझं एका दिवसाचं हसू झालं. माझी मेहनत तर मोजतच नाहीत, वर उपकार करून डबल करतात. तो म्हणाला, "तुला निदान डबल धरतात. मला अर्धा धरतात."

डबल धरणं म्हणजेच अर्धं धरणं, म्हटलं. कोणाचं जास्त वाईट यावर भांडत बसलो आणि भाजी करपली. निखिल तिकडे मजेत चहा पीत असेल.

रवि. १५ फेब्रु.

दुसरी मॅच, डी विंगशी. मला ओव्हर दिली. 'लेडीज ओव्हर' म्हणतात तिला. पिचच्या मध्यावर चुन्याची रेघ आहे, लेडीजनी तिथून टाकायचा. मी रेघ ओलांडून मागे गेले, गेंट्स टाकतात तिथून, आणि हात फिरवून टाकला. चार पावलांचाच रनअप, जाळी मध्ये येते. पण हात विसरला नव्हता. डी विंगचा स्टार बॅट्समन, टी-शर्टवर स्वतःचं नाव छापलेला, त्याचा मधला स्टंप आडवा.

तो स्टार म्हणाला, "हे चालणार नाही. लेडीज ओव्हर आहे ही."

म्हटलं, मग मी कोण आहे?

अंपायर पाटीलकाका. आमचे टॉवर उभे आहेत ती जमीन त्यांची, स्पर्धाही त्यांनीच सुरू केलेली, त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. डेड बॉल दिला. तो स्टार परत उभा राहिला आणि पुढच्या ओव्हरला निखिलला दोन सिक्स मारले. तरी जिंकलो म्हणून निखिल खूश. मला म्हणाला, "वहिनी, भारी टाकलात हां! पण जरा सांभाळून."

कोणाला सांभाळून? तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

सोम. १६ फेब्रु.

ग्रुपवर कमिटीचा मेसेज. 'सर्वांच्या सुरक्षिततेसाठी लेडीज बॉलरनेही अंडरआर्मच टाकावा.' सुरक्षितता! टेनिस बॉल आहे तो.

मी लिहिलं, 'ठीक. मग लेडीजचे डबल रनही बंद करा. अंडरआर्मही बंद करा. सगळ्यांना एकच नियम.'

गेंट्सचे अंगठे धडाधड आले. डी विंगच्या स्टारचा पहिला. बायकांपैकी एकीचाही नाही. सगळ्या मूग गिळून गप्प.

मंगळ. १७ फेब्रु.

कारण संध्याकाळी कळलं. समोरच्या फ्लॅटमधली स्मिता आली, आमच्या टीममधली दुसरी लेडीज. चप्पलही काढली नाही, दारातच उभी.

"तुला येतं गं क्रिकेट, तू लहानपणापासून खेळलीस. मला बॅट उलटी की सुलटी तेही कळत नाही. पण डबल आहेत म्हणून निखिल मला फोन करतो, प्रॅक्टिसला बोलावतो, कधी नाही ते नावाने हाक मारतो. डबल काढलेस ना, तर दोन लेडीजचा नियमही काढतील. मग पुढच्या वर्षी मी बाहेर लिंबू कापत बसेन. तू तुझ्यापुरतं बघतेस."

म्हटलं, स्मिता, ते तुला नाही, तुझ्या डबलला बोलावतात.

"माहितेय मला. मी काय मूर्ख आहे?" आणि दार स्वतःच ओढून घेऊन गेली.

माझं चुकतंय असं अजूनही वाटत नाही. पण झोप नाही. चिडायचं कोणावर, हेच कळेना. शेवटी सगळ्यांवरच चिडले.

रवि. २२ फेब्रु.

आज मॅच नाही. कल्याणला आईकडे गेलेले. माळ्यावरून किट बॅग काढली. शूज गेले, सोल हातात आला. लेदरचा बॉल मात्र आहे, एका बाजूने अजून चकचकीत. तीच बाजू पँटला घासायची सवय होती, आई ओरडायची.

आई म्हणाली, "परत कशाला ते?"

मी विचारलं, तेव्हा पुण्याला का नाही पाठवलंत? जिल्ह्याच्या टीमसाठी निवड चाचणी होती. क्रिकेटच्या सरांनी घरी येऊन हात जोडले होते.

"एकटी कशी पाठवणार? दादा सोबत जाणार होता, त्याची परीक्षा आली."

दादा तिथेच जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "मला विचारलं का कोणी, सोबत जायचंय का म्हणून? कल्याणच्या मैदानावर दर संध्याकाळी तुझी राखण करत बसायचो. माझे मित्र तिकडे कॅरम खेळायचे."

वीस वर्षांत पहिल्यांदा बोलला हे. मी पान पुढे सरकवून उठले. त्याच्यावर रागवायला गेले, तर तोही बरोबरच बोलत होता. त्याचा आणखी राग आला.

बुध. २५ फेब्रु.

मं.ची आयडिया. चहा ढवळता ढवळता म्हणाला, "माझ्या जागी तू खेळ."

म्हणजे?

"गेंट्सच्या सहा जागांत माझी एक आहे. ती तू घे. रन सिंगल, बॉल ओव्हरआर्म. लेडीजमध्ये स्मिता राहील, आणखी एक जण बघू. मी स्कोअर लिहितो. निदान बसायला खुर्ची मिळेल."

सोळा वर्षांच्या संसारात इतका आवडला नव्हता मला हा माणूस.

दोघं पाटीलकाकांकडे गेलो. काका ओट्यावर पेपर वाचत होते. ऐकून घेतलं. "कनाला डोका खातंस गो पोरी? दरवर्सी असाच खेलतांव आमी."

मी माझं म्हणणं सांगितलं, जरा आवाज चढवूनच. काकांनी खाडीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "आमची आय इथं मिठागरान काम करं. पाट्या उचलं बाप्यांच्या बरोबरीन. मजुरी अर्धी भेटं. म्हनून मी ह्यो नियम केला. बायांचा डबल."

हे मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नसावं. पण राग तोंडात होता तो बाहेर आलाच. म्हटलं, काका, तुमच्या आईला डबल नको होती हो. पूर्ण हवी होती.

मं.ने माझा हात दाबला. काकांनी पेपरची घडी घातली आणि उठता उठता म्हणाले, "खेल जा बाप्यांचे जागंव. पन लागला तं रडाचा नाय."

रवि. १ मार्च

सेमी फायनल जिंकली. तीन चौकार मारले, एक विकेट काढली, सगळं सिंगल, सगळं खरं. निदान मला तसं वाटलं. पाणी प्यायला गेले तर जाळीपलीकडे सी विंगचे दोघं बोलत होते, "वहिनी होत्या म्हणून हलके टाकले रे. नाहीतर कुठे."

तरीच. बॉल हवेत थांबून थांबून येत होते.

मं. खुर्चीत पेन घेऊन बसलेला. येणारा-जाणारा टपली मारून जातो, "काय, बायको मैदानात आणि तू हिशोबाला?" एकाने विचारलं, आज पोळ्या कोणी केल्या. मं.ने सांगितलं, "मी. बटाट्याची भाजीपण." त्यावर जो हशा झाला! पोळ्यांमध्ये एवढं हसण्यासारखं काय असतं? हातातली बॅट फेकून मारावीशी वाटली. मं. म्हणाला, "सोड गं." मी का सोडू?

गुरु. ५ मार्च

बी विंगचा ओंकार लिफ्टमध्ये भेटला. फायनल त्यांच्याशी. इंजिनिअरिंगला आहे, स्पर्धेतला सगळ्यात फास्ट बॉलर. त्याला सरळ सांगितलं, रविवारी मला हलका बॉल टाकलास तर बघ.

"पण वहिनी, लागलं तर मंदारदादा काय म्हणतील?"

मला लागलं तर मंदारदादा काय म्हणतील! माझं डोकं फुटेल आणि सॉरी मंदारला म्हणणार. म्हटलं, मंदारदादा स्कोअर लिहितील, तू बॉल टाक.

रवि. ८ मार्च

महिला दिन. कमिटीला वाटलं, फायनलला चांगला मुहूर्त. जाळीच्या दाराशी सगळ्या बायकांना एकेक गुलाब आणि गळ्यात गुलाबी पट्टा, 'नारीशक्ती'. मी पट्टा काढून मं.च्या खुर्चीला बांधला. निखिलचा चेहरा पडला. पडू दे.

बॅटिंगला गेले. बी विंगच्या एका बॉलरने दोन हलके टाकले, सहा धावा घेतल्या. मग ओंकार आला. पहिला बॉल आला तो कापूस तरंगत यावा तसा. मी पिचवर पुढे जाऊन ओरडले, "ओंकार!" सगळ्या टर्फला ऐकू गेलं.

त्याने निखिलकडे बघितलं, मंदारकडे बघितलं, पाटीलकाकांकडे बघितलं. काका म्हणाले, "टाक रं."

पुढचा बॉल मला दिसलाच नाही. फक्त आवाज आला. स्टंप मागे जाळीत.

काय सांगू, काय वाटलं ते. लाज नाही, दुःख नाही. बॉल लागून आडवा झालेला तो स्टंप बघून ऊर भरून आला. कोणीतरी एकदाचं मला आउट करायला बॉल टाकला होता.

आणि ओंकार धावत आला, दोन्ही हात जोडून. "सॉरी वहिनी, सॉरी, सॉरी."

गेलं. सगळं गेलं त्या एका शब्दात. निखिलला शून्यावर काढलं तेव्हा हाच पोरगा मैदानभर नाचला होता. माझ्या वेळी सॉरी. मी त्याला म्हटलं, "नाच!" त्याने परत हात जोडले. बिचाऱ्याचा काय दोष, हे आत्ता लिहिताना वाटतंय. तेव्हा वाटलं नाही.

चार धावांनी हरलो. मं.ने बेरीज सांगायच्या आधीच निखिलने केली. "वहिनींचे सहा डबल धरले असते तर आरामात जिंकलो असतो." स्मिताचा एक रन, डबल होऊन दोन. ती माझ्याशी बोलली नाही. घरी येताना टीममधलं कोणीच बोललं नाही. मं. आणि मी दोघंच, त्याच्या हातात ते सगळे गुलाब. कोणीतरी कचऱ्यात टाकलेले, याने उचलले.

सोम. ९ मार्च

ग्रुपवर मतदान. पुढच्या वर्षीसाठी. 'लेडीज डबल असावे / नसावे.' गुरुवार सकाळपर्यंत मुदत.

'नसावे'ला गेंट्सची रांग. खाली गप्पा, खरा अन्याय हल्ली पुरुषांवरच होतो वगैरे. 'असावे'ला बायका, आणि एक पाटीलकाका. दोन लेडीज कंपल्सरी राहणार का, याबद्दल एकही शब्द नाही. स्मिता म्हणाली होती तेच. डबल गेले की बायकाही जाणार, आणि ते माझ्या नावावर होणार. 'वहिनीच म्हणाल्या होत्या.'

मी 'नसावे' दिलं तर स्मिता बाहेर. 'असावे' दिलं तर पुढच्या वर्षी परत तो घरंगळता बॉल, आरामात वहिनी.

मं.नेही मत दिलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, "माझ्या मनातलं त्यात नाहीच. 'मंदारला खेळायचंय का' असं कुठे विचारलंय?"

बुध. ११ मार्च

ऑफिसातून आले तर दारात स्मिता. हातात पोराचा टेनिस बॉल.

"ओव्हरआर्म शिकव."

मी बघत राहिले.

"बघू नकोस. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे, पण ते तुला परवडतं. मला आधी येऊ दे, मग काढ डबल. तोपर्यंत हात लावायचा नाही त्याला." आवाज चढलेला. माझ्याइतकीच चिडलेली होती. मला बरं वाटलं.

खाली पार्किंगमध्ये गेलो. हात कानाला लावून सरळ आण, म्हटलं. बॉल सुटला तो मागे, तिच्याच डोक्यावरून निखिलच्या गाडीच्या काचेवर. वॉचमन धावत आला. स्मिताने दोन्ही हात जोडले, "सॉरी, सॉरी..."

मी तिचे हात खाली केले. म्हटलं, पहिली गोष्ट ही. परत टाक.

साडेआठ वाजेपर्यंत टाकत होती. एकही सरळ नाही. उद्या परत येते म्हणाली.

मतदान उद्या सकाळी बंद होतं. फोन समोर आहे. अजून काही दाबलेलं नाही.