तळहातावरचे गाव

सर,

हे कोडे तुम्हीच मला पहिल्यांदा घातले होते, आणि दोन्ही खेळ पाहिलेल्या कुणालाही ते कधीतरी पडलेच असणार. तुमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू टणक हेल्मेट घालून उतरतात, इथल्या रग्बीत बहुतेक जण उघड्या डोक्याने. मग हेल्मेटवाल्यांचे मेंदू तरी सुखरूप राहायला हवेत. ते राहत नाहीत. असे का? क्राइस्टचर्चला, रिकार्टन भागातल्या तुमच्या घरात मी भाडेकरू म्हणून आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही हा प्रश्न स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलात, आणि निवृत्त प्राध्यापकाच्या सवयीने उत्तर सांगायची मुळीच घाई केली नाहीत.

उत्तर मिळाले ते खरवसामुळे. गाईंच्या फार्मवर काम करणाऱ्या एका मित्राने मला चीक आणून दिला होता. गूळ-वेलची घालून मी तो स्टीलच्या डब्यात वाफवला. गार झाल्यावर तुम्ही तो डबा टेबलावरून जोरात सरकवलात आणि भिंतीवर आपटून थांबू दिलात. डब्याला पोचासुद्धा आला नाही. झाकण काढले, तर आत खरवस आडवा चिरलेला. डबा म्हणजे कवटी, तुम्ही म्हणालात, आणि हेल्मेट म्हणजे डब्यावर घातलेला दुसरा डबा. बाहेरचे थांबते, आतले पुढे जातच राहते. इतके स्वच्छ विवेचन मला विद्यापीठातही ऐकायला मिळाले नाही. त्यानंतर तो चिरलेला खरवस तुम्ही दोनदा मागून घेतलात.

तुमच्या तरुणपणी चामड्याची टोपी होती, घडी करून खिशात कोंबता येणारी. आठवडाभर ओतकामाच्या कारखान्यात राबायचे आणि रविवारी परगावच्या मैदानावर उतरायचे, असे तुमचे व्यावसायिक खेळाडूपण. टोपी मऊ होती तोवर तुम्ही खांद्याने भिडत होतात. टणक हेल्मेट आले आणि डोके हेच हत्यार झाले. कुणी आपटला की प्रशिक्षक त्याला बाजूला घेऊन ठरलेला प्रश्न विचारी : आपण कोणत्या गावात आहोत? म्हणून सामन्याआधी तुम्ही सगळे गावाचे नाव शाईने तळहातावर लिहून ठेवत होतात. हे सांगताना तुम्ही इतके हसलात की चहा हिंदकळला. शेवटच्या सामन्यात चेंडू घेऊन तुम्ही आपल्याच गोलरेषेकडे धावलात, आणि ते तुम्हाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले. मग खेळ सोडून तुम्ही इंजिनिअरिंग शिकलात आणि या देशात शिकवायला आलात. मला ही सारी गंमतच वाटत राहिली. तुमच्या अखेरच्या वर्षी एकदा आपण भांडी विसळत आहोत, तुम्ही बशी माझ्या हातात देता, आणि तुमच्या ओल्या तळहातावर मला निळी अक्षरे दिसतात. क्राइस्टचर्च.

आता मी ऑकलंडला असतो. पेनरोजच्या एका कंपनीत खोकी उंचावरून पाडून पाहतो, आतला माल शाबूत राहतो की नाही ते तपासतो. म्हणजे तुमचा खरवसाचा प्रयोगच करून मी पोट भरतो. आणि माझी मुलगी शाळेच्या संघातून रग्बी खेळते. गेल्या शनिवारी, सामन्याच्या सुरुवातीलाच, तिचे डोके दुसऱ्या एका मुलीच्या गुडघ्यावर आदळले. लगेच उठली म्हणून कुणाला काही वाटले नाही. शेवटचा ट्रायही, म्हणजे रग्बीतला गोल, तिनेच केला आणि मी कुंपणापाशी उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. त्यानंतर आठवडाभर फ्रिज उघडला की आतल्या दिव्याने ती डोळे बारीक करते आहे. विचारले की म्हणते, ‘स्वीट ॲज, बाबा,’ म्हणजे सगळे झकास.

आज सकाळी, बुटांच्या नाड्या बांधताना तिचा तळहात उलटा झाला. त्यावर आजच्या मैदानाचे नाव होते, गेल्या सामन्याचा गुणफलक होता. मी तिला तुमचा खरवस सांगितला, कागदावर कवटी काढून दाखवली, अखेर हात जोडले. ती समजूतदारपणे म्हणाली, ‘आय नो, बाबा. यू टोल्ड मी हीप्स ऑफ टाइम्स.’ मी तिला हात धुऊन यायला लावले आणि विचारले, ‘गेल्या शनिवारी शेवटचा ट्राय कुणी केला?’

ती माझ्याकडे बघत राहिली. एरवी प्रत्येक गोष्टीचे उत्तर इंग्रजीत देणारी माझी मुलगी, बऱ्याच वेळाने, अगदी हळू मराठीत म्हणाली, ‘मी.’

मी प्रशिक्षक बाईंना फोन करून ती खेळणार नाही म्हणून सांगितले. डॉक्टरांकडे दुपारी जायचे आहे. तोवर तिने खोलीचे दार लावून घेतले आहे. बरोबर उत्तर देऊनही मी तिला घरी बसवले, याचा तिला राग आहे. पुरेशा विश्रांतीने मेंदू बहुधा सावरतो, तो खरवस नव्हे, उपमेला मर्यादा असतात. हे मी बंद दाराशी उभा राहून तिला आणि स्वतःला समजावतो आहे. पण ती चीर पहिलीच होती का, हे मला कोण सांगणार? तुम्ही सांगितले असते, म्हणून हे लिहायला बसलो. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवले नसते. कारण बायकोला, प्रशिक्षक बाईंना जे सांगितले नाही ते यात आहे. तिला उत्तर आठवले नव्हते. ती अडखळली तेव्हा माझे ओठ हलले होते, आवाज न करता, ‘तू’. तिने ते वाचले.

तुमच्या प्रयोगात ही एक त्रुटी होती, सर. प्रश्न विचारणाऱ्याची तपासणी त्यात नव्हती. ती कुणालाही घरी करता येईल. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला समोर बसवावे, उत्तर आपल्याला पक्के ठाऊक आहे असा एक सोपा प्रश्न विचारावा, आणि तो अडखळला की तो बोलेपर्यंत आपले ओठ मिटलेले राहतात का, तेवढे पाहावे.