स्कोप डावीकडे खेचतो

१ मार्च, शनिवार
आजपासून रोज लिहायचं.
शिकारीच्या कोर्सची पहिली रेंज. शंभर मीटरवर कागदी हरीण. पाच गोळ्या. हरणाला एकही नाही. दोन खाली डावीकडे, बाकीच्यांचा पत्ता नाही. रायफलवरच्या दुर्बिणीचं, स्कोपचं, अलाइनमेंट गेलंय, हे मला पहिल्या गोळीलाच कळलं. विमला सांगितलं. विम म्हणजे आमचा इन्स्ट्रक्टर, रिटायर्ड डेंटिस्ट. समोरच्याच्या तोंडात कापूस असल्यासारखा उत्तराची वाट न बघता बोलतो. म्हणाला, बघू.
मी शाकाहारी आहे हे त्याला सांगितलेलं नाही. कागद चालतो.
देशाच्या दुसऱ्या टोकाला, मास्ट्रिख्टला जाताना माझी बायको लतिका म्हणाली होती, तुला एक छंद नाही. आता आहे. परत आली की सांगेन. तिची युनिव्हर्सिटीतली नोकरी सहा महिन्यांची होती. दीड वर्ष झालं. प्रोजेक्ट लांबतात. मी आयटीत आहे, मला कोण सांगणार.

४ मार्च
यूट्यूबवर बसलो. स्कोप बिघडायची कारणं चार: माउंटचे स्क्रू सैल, रिंग वाकडी, पॅरालॅक्स, किंवा स्कोपच बाद. एकाने पाचवं दिलं होतं, नेम धरणारा. त्याला सबस्क्रायबर फार नव्हते.
लतिकाचा फोन. शनिवारी ये, बोलायचंय, म्हणाली. म्हटलं, शनिवारी काम आहे. कसलं ते तिने विचारलं नाही.

८ मार्च, शनिवार
विमला स्क्रू तपासायला लावले. घट्टच निघाले. पुन्हा पाच गोळ्या. खाली डावीकडे.
रोज लिहायचं जमत नाहीये. आठवड्याला एकदा पुरे. क्वालिटी महत्त्वाची.

१५ मार्च, शनिवार
स्कोपची फिरकी उजवीकडे आठ क्लिक, वर सहा. गोळी शेजारच्या हरणाच्या बरोब्बर छातीत. शेजारचं हरीण कुणालचं. कुणाल ऑफिसातला, त्यानेच मला कोर्सला घातलं. विमने त्याची पाठ थोपटली. कुणालने मला थँक्स म्हटलं. मी वेलकम म्हटलं.

१८ मार्च
लतिकाचा फोन. पाडव्याला तरी येशील का, म्हणाली. की तेही नाही? तुझा काही नेम नाही.
दचकलो. रायफलचं हिला कोणी सांगितलं? कुणालच असणार.
येतो म्हटलं. नक्की. तिने बरं म्हणून फोन ठेवला. मला काही वाटलं नाही. हल्ली फारसं कशाचं वाटतच नाही. व्हिटॅमिन डी असणार. फॅमिली डॉक्टरकडे जायचं.

२२ मार्च, शनिवार
विमने माझीच रायफल घेतली, क्लिक होते तिथे परत नेले आणि तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एका बिस्किटाखाली झाकता येतील अशा. मग मी मारल्या. खाली डावीकडे.
निष्कर्ष: विमच्या हातात स्कोप दबून वागतो.

३० मार्च, रविवार, पाडवा
आज इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली. भिंतीवरचं गेलं नाही. मी भिंतीवरचं बघून निघालो. गाडी चुकली. पुढची अर्ध्या तासात होती, पण मूडच गेला. आमच्या नीउ-व्हेनेपच्या स्टेशनवरूनच लतिकाला मेसेज टाकला, की घड्याळांचा घोळ झाला. तिने अंगठा पाठवला. म्हणजे रागावलेली नाही.
आल्बर्ट हाइन सुपरमार्केटच्या क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, श्रीखंड केलं होतं, दोघांपुरतं. उभ्या उभ्या संपवलं.

५ एप्रिल, शनिवार
विमने रायफल भरून हातात दिली. निदान मला तसं वाटलं. चाप ओढला. नुसतं टिक. आत गोळीच नव्हती. तरी माझा खांदा उडाला आणि नळी खाली डावीकडे गेली.
विम म्हणाला, हेम, चाप ओढायच्या आधीच तू डोळे मिटतोस. दोन्ही. दर वेळी. स्कोपला काहीही झालेलं नाही.
कुणाल बुटांकडे बघत होता.
म्हटलं, ही एक थिअरी झाली.

१२ एप्रिल, शनिवार
रेंज बुडवली. मास्ट्रिख्टला गेलो, वेळेवर. नदीकाठचा कॅफे. लतिकाने केस कापलेत. आधी कॉफी मागवली, मग म्हणाली, मी परत येणार नाही. वकिलाशी बोलून झालंय. चिडलास तरी चालेल, पण काहीतरी बोल.
मी म्हटलं, कॉफी चांगली आहे.
येताना गाडीत आठवायला बसलो. ते सांगताना तिचा चेहरा कसा होता? रडवेला? की सुटल्यासारखा? काही केल्या आठवेना. उत्रेख्तला गाडी बदलायची होती, तीही राहिली. तिथून पुढे केव्हातरी एकदम वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. समोरच्या बाईंनी टिश्यू दिला.
लतिकाने तोंड उघडलं तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती कोट घालत होती.
घरी येऊन विमला मेसेज केला, की स्कोप ठीक आहे.