पाचवी खुर्ची

५ मार्च

माफी असावी. जानेवारीत डायरी मिळाली, पहिल्या पानावर नाव घातलं, आणि आज मार्च उजाडला. फार उशिरा लिहायला घेतोय. आधी पेन सापडलं नाही. मग सर्दी झाली. मग पेन सापडलं तर चष्मा नाही. ही डायरी कोणी वाचणार नाही हे ठाऊक आहे, तरी माफी मागून ठेवलेली बरी. आजपासून रोज एक पान. ठरलं.

नात आज मोठ्या फर्मचा अर्ज भरत होती. हिशेब तपासणाऱ्यांतली सगळ्यात मोठी फर्म. चौकातली काचेची इमारत, तीच. नातीचे अकाउंट्सचे सगळे पेपर पहिल्या फटक्यात सुटले. माझ्यावर गेली आहे. मी त्या परीक्षेला एकदाच बसलो होतो, त्या वर्षी पेपर मुद्दाम अवघड काढला होता.

अर्जात वाट्टेल ते विचारलं होतं. वय किती, बाई की पुरुष, अंगात काही व्यंग आहे का, घरात आधी कोणी कॉलेजात गेलं होतं का. मी म्हटलं, हिशेब तपासायचेत की सोयरीक जुळवायची आहे? नात म्हणाली, आजोबा, पूर्वी एकाच साच्यातली मुलं घ्यायचे, त्यावर ओरड झाली, म्हणून आता सगळ्या प्रकारच्या माणसांना बोलवायचं ठरवलंय. मी म्हटलं, सगळा देखावा. ती म्हणाली, असेना का, दार उघडं मिळालं तर मी जाईन की आत.

मग मी म्हटलं, माझाही भर. चाळीस वर्षं अकाउंटंटच्या ऑफिसात हिरव्या पेन्सिलीने टिका मारल्या आहेत, ते काय फुकट? ती हसली, पण भरला. वयाच्या रकान्यात अडुसष्ट टाकताना थांबली, मग टाकलं.

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, मे संपेपर्यंत पोरीला इथे नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मामाकडे पाठवते, त्याच्या गोडाऊनचा हिशेब बघायला. मामाचं गाव बसने पूर्ण एक दिवस. सुनेचं बरोबर आहे. मुलगा गेल्यापासून तिचं नेहमीच बरोबर असतं.

जेवणानंतर नातीने डोळ्यांत थेंब घातले. सुनेचा हात थरथरतो आणि माझा नेम चुकतो. नातीचा थेंब बरोबर मधोमध पडतो.

६ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही.

१४ मार्च

फोन आला. नातीला नाही, मला!

फर्मची बाई. आवाज इतका गोड की मी दोनदा सर्दीचं औषध घेतल्यासारखा झालो. प्रत्येक वाक्यात सर. सर, आपला अर्ज आवडला. सर, टॅक्स विभागात पोस्ट आहे. सर, मंगळवारी जमेल का? मी मुद्दाम जरा थांबलो आणि म्हटलं, बघतो. भाव खायला हवा.

समोरच्या टेलरमास्तरांना सांगितलं. मशीन न थांबवता म्हणाले, तुम्हाला? चहा द्यायला का? संबंध तोडले.

१५ मार्च

टेलरमास्तरांकडे शर्टाची कॉलर उलटून घ्यायला टाकली. संबंध शर्टापुरतेच.

१९ मार्च

इंटरव्ह्यू उत्तम झाला.

लिफ्टमध्ये आत बटणंच नव्हती. बाहेर दाबायची असतात म्हणे. तीनदा वर-खाली झालो. लॉबीत ओळीने पाच खुर्च्या. एक तरुण मुलगी, एक दूर प्रांतातला मुलगा, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला निघालेली एक बाई, एक चाकांच्या खुर्चीतले गृहस्थ, शेवटी मी. टेलरमास्तरांच्या बटणांच्या डब्यासारखं. एकाचीही जोडी नाही.

आत तिघं होते. त्यांनी विचारलं, आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाबरोबर कधी काम केलंय का? मी सांगितलं, आमचे साहेब डावखुरे होते. त्यांनी लिहून घेतलं. एक जण दुसऱ्याकडे बघून गालात हसला. प्रभाव पडला.

टॅक्सबद्दल काहीच विचारलं नाही. माझा अनुभव बघून गरज वाटली नसावी.

२७ मार्च

फर्मकडून कळलं की या वेळी जमत नाही. भाषा अतिशय सभ्य. सून म्हणाली, नाही म्हणजे नाही हो बाबा. तिला ऑफिसची भाषा कळत नाही. मला मोठ्या जागेसाठी राखून ठेवलं आहे. पुरावा: संध्याकाळी पुन्हा गोड बाईचा फोन. दुसरी पोस्ट.

नातीला अजून बोलावणं नाही. तिने विचारलं, आजोबा, तुम्ही आत नेमकं काय बोलता? मी म्हटलं, ते शिकवून येत नाही.

९ एप्रिल

दुसरा इंटरव्ह्यू. कॉम्प्युटरच्या सुरक्षेची पोस्ट. मी सांगितलं, आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर रोज कापडाचं झाकण घालायचं काम माझ्याकडेच होतं. पुन्हा लिहून घेतलं.

संकल्प: इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी तळलेलं खायचं नाही. पॅनेलसमोर ढेकर आली. त्यांनी दुर्लक्ष केलं. मोठी माणसं.

१६ एप्रिल

तिसरा इंटरव्ह्यू. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी ट्रेनीची पोस्ट. चाकांच्या खुर्चीतले गृहस्थ पुन्हा भेटले. मी म्हटलं, रोज येता वाटतं. ते म्हणाले, हो, फरक इतकाच की तुम्हाला इथे खुर्ची देतात, मी घरून आणतो.

फार शिकलेले आहेत. सगळ्या परीक्षा, वर बारा वर्षांचा अनुभव. तरी घेत नाहीत. मला वाटतं बोलण्यात कमी पडत असतील. हसतात फार.

त्यांनी समजावून सांगितलं. आजोबा, इथे नियम आहे. प्रत्येक जागेसाठी पाच प्रकारची पाच माणसं बसल्याशिवाय इंटरव्ह्यूचं दार उघडत नाही. चौथी खुर्ची माझी. पाचवी साठीच्या वरच्यांची, म्हणजे तुमची. नोकरी कोणाला द्यायची ते नंतर बघतात, आधी ओळ पूर्ण करायची. आपण आलो नाही तर सगळं ठप्प.

ऐकून छाती भरून आली. माझ्यावाचून दार उघडत नाही! चाळीस वर्षांत जुन्या साहेबांनी एवढं कधी म्हटलं नव्हतं.

गृहस्थ म्हणाले, मी आता बिस्किटांसाठी येतो, क्रीमची असतात. मी दोन खाल्ली.

२० एप्रिल

टेलरमास्तर आले. घुटमळले. म्हणाले, अहो साहेब, माझाही तो अर्ज भरून होईल का? मी हसलो. हिशेबातलं काय येतं म्हटलं. म्हणाले, मापं घेतो की. नातीने बसवून भरून दिला. वय एकाहत्तर. पोरीचं मन फार मऊ आहे. म्हाताऱ्याला उगीच आशा लावू नये.

२ मे

नातीला बोलावणं आलं. ऑडिट विभाग. आधी लेखी परीक्षा झाली होती, पेपरवर नाव नव्हतं, फक्त नंबर, म्हणजे कोण कोणाचं हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यात नात पहिली. गोड बाईने स्वतः सांगितलं, इंटरव्ह्यू नीट झाला की पोस्ट तुझीच समज. सून देखील हसली. बऱ्याच दिवसांनी बघितलं.

अर्ध्या तासाने मलाही फोन. तीच पोस्ट. तोच दिवस.

नात म्हणाली, बरं झालं, सोबत जाऊ. तुम्ही नेहमीसारखे शेवटच्या खुर्चीवर बसा. फक्त त्या झाकणाचं सांगू नका.

४ मे

झोप नाही.

नात हुशार, पण अनुभव माझा. पॅनेल माझ्या ओळखीचं. ते माझं नाव घेणार, आणि पोर मामाच्या गोडाऊनमध्ये जाणार. सख्ख्या नातीच्या तोंडचा घास काढून घेऊ?

टेलरमास्तरांना विचारलं. सुई तोंडात धरून म्हणाले, तुम्ही गेलात काय, नाही गेलात काय. त्यांना यातलं कळत नाही.

६ मे

ठरलं. त्याग. कोणाला सांगायचं नाही. ऐन वेळी माघार घ्यायची. नात पुढे जाईल, मी मागे राहीन. निर्णय झाल्यावर भूक लागली.

७ मे, सकाळी

सून नातीला घेऊन लवकर निघाली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या बसने येतो.

दहाच्या आधी फर्मला फोन लावला. गोड बाईला म्हटलं, मॅडम, मी माघार घेतो, माझ्यापेक्षा तरुण माणसाला ही जागा मिळू दे. पाठ केलेलं वाक्य, एकदाही अडखळलो नाही. ती म्हणाली, सर, प्लीज या. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, सर, दहा मिनिटं बसा फक्त. मी म्हटलं, मॅडम, निश्चय झाला. ती म्हणाली, सर, गाडी पाठवते.

गाडी! एवढी किंमत आहे माझी. डोळे भरून आले. एकवार वाटलं, जावं. पण घेतला वसा टाकायचा नाही. फोन ठेवला, आणि पुन्हा वाजेल म्हणून वायरही काढून ठेवली.

चहा केला. दोन कप.

७ मे, दुपारी

दोघी परत आल्या.

इंटरव्ह्यू झाला नाही. चौघं जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून होते. पाचवी खुर्ची रिकामी. बाहेरच्या वॉचमनला विचारलं, तो अठ्ठावन्नचा निघाला. दार उघडलं नाही. पॅनेलला संध्याकाळचं विमान होतं. जागा आजच भरायची होती, ती आता दुसऱ्या शहरातल्या ऑफिसला गेली.

चाकांच्या खुर्चीतले गृहस्थ नातीला म्हणाले म्हणे, तुझा नंबर पहिला होता हे मलाही ठाऊक आहे. आणि तिला बिस्किटं दिली.

नातीने बूट काढले. नीट जोडून ठेवले. मग विचारलं, आजोबा, तुम्ही का नाही आलात?

म्हटलं, अ‍ॅसिडिटी.

ती बरं म्हणाली. फोनची वायर सुनेने पुन्हा जोडली.

जेवणानंतर थेंब घातले. बरोबर मधोमध.

८ मे

यात माझी चूक नाही. मी सभ्यपणे वागलो. नियमच असे विचित्र करून ठेवलेत त्याला मी काय करणार? इतक्या मोठ्या फर्मला साठीच्या वरचा आणखी एक माणूस ठेवता येऊ नये? कारभार ढिला आहे.

गोड बाईला फोन केला. म्हटलं, मी तयार आहे, आज येऊ का, आत्ता येऊ का? म्हणाली, ती पोस्ट संपली, सर. मी म्हटलं, मग मुलीला तेवढं एकदा बोलवा, ती पहिली आहे. म्हणाली, नोंद घेते. सर म्हणाली, पण आवाज तो नव्हता.

९ मे

तक्रारीचं पत्र लिहायचं ठरवलं. नाही लिहिलं. पेन सापडलं नाही.

पेन खिशात होतं.

२३ मे

नात गेली. स्टँडवर मी बॅग धरली होती, तिने ती हळूच काढून घेतली. खिडकीतून म्हणाली, आजोबा, थेंब घालताना ट्यूबलाइटकडे बघायचं, बाटलीकडे नाही, बाटलीकडे बघितलं की डोळा मिटतो. मी म्हटलं, कळतं मला. ती म्हणाली, आणि वेळच्या वेळी जेवा. मी सांगणार होतो. त्या दिवशीचं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

परत येताना सून म्हणाली, बाबा, मला फर्मच्या बाईने त्याच दिवशी सांगितलं होतं. मी विचारलं, पोरीला ठाऊक आहे? म्हणाली, माहीत नाही, मी तरी बोलले नाही. मग बस आली.

३० मे

फर्मचा फोन नाही. फोन बिघडला असेल म्हणून टेलरमास्तरांकडून लावून बघितला. वाजतो.

नातीचाही नाही.

४ जून

सकाळी टेलरमास्तर आले. नवा शर्ट. म्हणाले, साहेब, तुमचा टाय द्याल का? मी विचारलं, कशाला. म्हणाले, काचेच्या इमारतीतून फोन होता, एक गोड बाई, सारखी सर सर करत होती. बसायचं आहे म्हणाली, ऑडिटमध्ये. यायलाच हवं म्हणाली. गाडी पाठवतेय.

मी विचारलं, त्यांना सांगितलंत, की तुम्ही शिंपी आहात? म्हणाले, सांगितलं की. म्हणाली, उत्तमच, सर.

त्यांना टायची गाठ येत नव्हती. मी बांधून दिली. लिफ्टची बटणं बाहेर असतात तेही सांगितलं. ते म्हणाले, साहेब, पडला चेहरा तुमचा. मी म्हटलं, अ‍ॅसिडिटी.

गाडी आली. पांढरी. त्यांना दार उघडून दिलं.

जेवलो. थेंब घातले. ट्यूबलाइटकडेच बघत होतो. एक नाकावर, एक गालावर. बाटली संपत आली, आत काहीच गेलं नाही. मास्तरांना सांगणार होतो, पण ते अजून आले नाहीत.

बाळ, तू पोहोचलीस असं मामा म्हणाला. तुझा फोन नाही. त्या दिवशी अ‍ॅसिडिटी नव्हती. फोनची वायर आता जोडलेली आहे. लवकर कळव.